तंबाखूची खूण, विषाणूची खूण

बेळगाव-निपाणी भागात कुणाला कर्करोग निघाला की घरात पहिला प्रश्न असायचा, न्यायचे कुठे? मिरज जवळ, कोल्हापूर जवळ, राज्याच्या योजनांच्या हिशेबाने हुबळी, आणि मुंबईत कुणी नात्यातले असेल तर परळचे टाटा रुग्णालय. ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते केएलईच्या कर्करोग रुग्णालयाचे बेळगावातच उद्घाटन झाले आणि या वाटांत एक जवळची वाट वाढली.

या रुग्णालयांच्या रांगांमध्ये दोन प्रकारचे रुग्ण हमखास भेटतात. एक असतो गालाच्या आत किंवा हिरडीला लागून कित्येक महिने न भरलेली जखम घेऊन आलेला पुरुष. त्याचे तोंड धड दोन बोटेही उघडत नाही. त्याच्या जागी कधी जन्मभर मिश्री लावलेली आजीही असते. दुसरी असते पाळी जाऊन काही वर्षे झाल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलेली बाई, आणि लाजेपोटी तिने ते घरात कुणाला सांगितलेले नसते. पहिल्याचा रोग बहुतेक वेळा तंबाखूतून आलेला असतो. दुसरीचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, ह्यूमन पॅपिलोमा विषाणूतून. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठी बहुतेकदा एकाच जातीच्या, स्क्वॅमस पेशींच्या दिसतात. शरीराच्या संरक्षक यंत्रणेला मात्र त्या फार वेगळ्या दिसतात. विषाणूने बिघडवलेली पेशी निपाणीत असो की नैरोबीत, ठरावीक खुणा अंगावर वागवते. तंबाखूने बिघडवलेली पेशी प्रत्येक माणसात नवी खूण तयार करते. या खुणेलाच अँटिजेन म्हणतात. करोनाच्या दिवसांत हा शब्द घरोघरी पोहोचलाच आहे. पेशीच्या पृष्ठभागावरून ती खूण सोडवून घ्यायची, शुद्ध करायची आणि लस म्हणून टोचायची, या एका कल्पनेमागे प्रयोगशाळांनी काही दशके घालवली. तिच्यातून निघाले ते अपेक्षेपेक्षा वेगळेच.

निपाणीचा तंबाखू मुख्यतः विडीचा. काळ्या रानात पावसाळ्यात लागण, थंडीच्या अखेरीस कापणी, रानातच उन्हात वाळवण, आणि मग व्यापाऱ्याच्या वखारीत कुटणे, चाळणे, पोती भरणे. वखारीतली मजुरी बायकांची. आत खाट असा की नवख्या माणसाला उंबऱ्यावरच ठसका लागतो. १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये या पिकाला भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीला पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मारले गेले. ज्या पिकासाठी माणसांनी गोळ्या खाल्ल्या, त्या पिकाबद्दल आरोग्याचे पुस्तक लिहिणाऱ्याने जरा जपून बोलावे हे खरे.

रसायनशास्त्राला मात्र अशी भीड नसते. तंबाखूचे पान वाळताना आणि मुरताना निकोटिन व त्याच्या भाऊबंदांपासून नायट्रोसामिने तयार होतात. त्यांतली एनएनएन आणि एनएनके ही दोन माणसात कर्करोग घडवणारी म्हणून जागतिक यादीत आहेत. शरीरात त्यांची रूपे बदलतात आणि ती डीएनएला चिकटतात. पेशीने दुरुस्ती केली तर ठीक. दुरुस्ती चुकली तर डीएनएतले एखादे अक्षर कायमचे बदलते. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सुमती भिडे यांनी मिश्रीवर, म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूच्या पुडीवर, प्राण्यांत प्रयोग केले आणि ‘दात घासायला काय होतंय’ या समजुतीला धक्का दिला. त्याच संस्थेतल्या मनोज महिमकर आणि रजनी भिसे यांनी १९९५ मध्ये विडीच्या तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशी तपासल्या, तर गुणसूत्रांची मोडतोड इतरांपेक्षा जास्त निघाली. म्हणजे वखारीतली धूळ नुसता ठसका देऊन थांबत नव्हती.

या सगळ्या कामाचा पाया घातला तो वसंत रामजी खानोलकर यांनी. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन त्यांच्या हाती आले, आणि १९५२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे ते पहिले संचालक झाले. भारतीय माणसाच्या सवयी आणि त्याचा कर्करोग यांचा संबंध त्यांनी चिकाटीने धुंडाळला. १९४५ मध्ये सहकारी सूर्याबाईंबरोबर लिहिलेल्या निबंधात तर घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचीही नोंद आहे. धोतर गेले, तो कर्करोगही बराचसा गेला. तंबाखूचे तसे झाले नाही.

आता तंबाखूने बिघडवलेल्या पेशीची खूण दर माणसात वेगळी, हे कळले कसे? १९५७ मध्ये अमेरिकेत रिचमंड प्रेन आणि जोन मेन यांनी मिथिलकोलँथ्रीन नावाचे दुसरे एक कर्करोगकारक रसायन टोचून उंदरांत गाठी तयार केल्या. उंदीर एकाच शुद्ध वंशाचे होते. त्यांच्यात एकाची कातडी दुसऱ्याला लावली तरी ती धरते, त्यामुळे ‘परकी पेशी म्हणून नाकारली’ हा आक्षेप निघण्याजोगा नव्हता. गाठ वाढू द्यायची, कापून काढायची, आणि त्याच गाठीच्या जिवंत पेशी पुन्हा टोचायच्या. उंदीर त्या पेशी मारून टाकत. पण त्याच रसायनाने शेजारच्या उंदराला झालेल्या गाठीच्या पेशी टोचल्या तर त्या बेधडक वाढत. एकाच उंदरावर दोन जागी उठवलेल्या गाठीसुद्धा एकमेकींपासून वेगळ्या निघू शकत. रसायन एक, वंश एक, आणि खुणा निरनिराळ्या.

चार वर्षांनी, १९६१ मध्ये, नेमके उलटे चित्र समोर आले. अमेरिकेत कार्ल हेबेल यांनी आणि स्टॉकहोममध्ये ह्योग्रेन, हेलस्ट्रॉम व क्लाइन यांनी पॉलिओमा या विषाणूने झालेल्या गाठी तपासल्या. एका गाठीविरुद्ध तयार झालेला उंदीर पॉलिओमाच्या दुसऱ्या कोणत्याही गाठीला दाद देईना. दुसऱ्या विषाणूच्या गाठीपुढे मात्र तो हतबल होता. म्हणजे गाठ कुणालाही, कुठेही होवो, विषाणू तोच असेल तर खूणही तीच. कर्करोगावर एक सामाईक लस निघू शकेल ही आशा या निष्कर्षातून जन्मली आणि संशोधक कामाला लागले.

मुंबई या शर्यतीत अगदीच प्रेक्षक नव्हती. तिथल्या संशोधक कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथे जीवशास्त्र शिकवत, आणि मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मुलीने पेशीशास्त्र निवडले. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाली आणि त्यानंतर त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हे तेच गाय, ज्यांनी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून ‘हीला’ पेशी वाढवल्या. पुढे कळले की त्या पेशी पॅपिलोमा विषाणूच्या १८ क्रमांकाच्या जातीने रूपांतरित झालेल्या होत्या. काचेच्या बाटलीत पेशी जगवण्याची विद्या घेऊन रणदिवे परतल्या आणि त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर पेशी वाढवता येत नसतील, तर त्यांच्या अंगावरचे काही शुद्ध करण्याची भाषाच व्यर्थ. एका उंदरातून निघणारे द्रव्य चिमूटभरही नसते.

रणदिव्यांचा स्वतःचा विषय उंदराच्या स्तनाच्या कर्करोगाचा होता. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी दाखवले होते की हा रोग आईच्या दुधातून पिल्लाकडे जातो. जन्मतःच दुसऱ्या वंशाच्या मादीला पाजायला दिले तर तो बराच टळतो. दुधातला तो घटक पुढे विषाणू ठरला. त्याच्या बाहेरच्या आवरणातले प्रथिन गाठीच्या पेशींच्या पृष्ठभागावरही उघडपणे दिसते, म्हणजे खूण अंगावर ठसठशीत असते. वंश, संप्रेरके आणि विषाणू यांतले कोण किती जबाबदार, हे उलगडण्यासाठी रणदिव्यांनी उंदरांचे वंश जोपासले. त्यांतला एक इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरच्या ‘आयसीआरसी’ या आद्याक्षरांनीच ओळखला जातो.

याच विषाणूमुळे मुंबईचे नाव एकदा जगभर झाले. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त आढळतो हे टाटा रुग्णालयातले शल्यचिकित्सक पेमास्टर यांच्या लक्षात आले होते. उंदरासारखाच विषाणू माणसाच्या दुधातही असेल काय? अमेरिकेतले डॅन मूर आणि त्यांचे सहकारी, मुंबईतून पेमास्टर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ सत्यवती सिरसाट आणि अखिल वैद्य यांनी मिळून दुधाचे नमुने तपासले. १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला: उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण पारशी स्त्रियांच्या दुधात इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळा सापडले. काही दिवस असे वाटले की स्तनाच्या कर्करोगाची लस आता जवळ आली. पण सूक्ष्मदर्शकात दिसणारा कण म्हणजे विषाणूच असे नव्हे, आणि विषाणू असला तरी कर्करोग त्यानेच केला असे नव्हे. पुढच्या तपासण्यांत हा दावा सर्वमान्य झाला नाही. काही संशोधक अजून वाद घालतात. सुंदर कल्पनेला पुरावा अपुरा पडल्याची वैद्यकातली ही जुनी गोष्ट आहे, आणि ती प्रांजळपणे सांगण्यात मुंबईच्या संशोधकांचा काहीच कमीपणा नाही.

पृष्ठभागाच्या खुणेची खरी लढाई झाली ती दुसऱ्याच विषाणूवर, आणि त्याचेही भारताशी नाते आहे. पोलिओची लस त्या काळी ऱ्हीसस माकडांच्या मूत्रपिंडातील पेशींवर वाढवत. ही माकडे हजारोंच्या संख्येने भारतातून जात. मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, १९७८ मध्ये, ती निर्यात थांबली. १९६० मध्ये बेन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांना या पेशींत एक अनोळखी विषाणू दडलेला आढळला: सिमियन व्हायरस ४०, थोडक्यात एसव्ही-४०. हॅमस्टरच्या नवजात पिल्लांना टोचला की त्यांना गाठी होत. तोवर काही लशींतून तो कोट्यवधी माणसांच्या शरीरात गेलेला होता. त्यांच्यात कर्करोग वाढल्याचा खात्रीलायक पुरावा नंतरच्या पाहण्यांत मिळाला नाही, ही सुदैवाची गोष्ट. प्रयोगशाळांना मात्र एक छोटा, मोजक्या जनुकांचा, पेशी हमखास बिघडवणारा विषाणू आयता मिळाला.

१९६५ मध्ये तेवतिया, काट्झ आणि रॅप यांनी एसव्ही-४० ने रूपांतरित झालेल्या पेशींच्या पृष्ठभागावर नवा अँटिजेन असल्याचे दाखवले. जिवंत पेशी, रोगप्रतिकारक रक्तद्रव आणि चकाकणारा रंग असा तो प्रयोग. साध्या पेशी कोऱ्या राहत, रूपांतरित पेशींची कड चमके. खूण डोळ्यांना दिसली होती. आता ती सोडवून घ्यायची होती.

हे काम वाटते तितके सरळ नाही. पेशीचे पटल स्निग्ध द्रव्याचे असते आणि त्यातली प्रथिने अर्धी आत, अर्धी बाहेर रुतलेली असतात. पाण्यात ती विरघळत नाहीत; ओढून काढली तर गोळा होऊन बसतात. त्यामुळे आधी पेशी थंड, सौम्य द्रावणात फुगवून काचेच्या दांड्याने फोडायच्या, मग वेगवेगळ्या वेगाने सेंट्रिफ्यूज फिरवून केंद्रके एकीकडे आणि पटलांचे तुकडे दुसरीकडे करायचे, साखरेच्या दाट-पातळ थरांतून ते तुकडे आणखी निवडायचे. इथवर बहुतेकांचे एकमत होते. पुढे तीन पंथ झाले. पहिला पंथ पेपेनचा: पपईच्या चिकातून मिळणारे हे विकर प्रथिनाचा बाहेर आलेला भाग छाटते, तुकडा पाण्यात उतरतो, पण छाटताना खूणच कापली गेली तर शोध संपला. दुसरा पंथ डिटर्जंटचा: एनपी-४० किंवा डीऑक्सिकोलेट पटल विरघळवतात आणि प्रथिन अखंड राहते, मात्र ते डिटर्जंट पुढे काढून टाकणे हाच एक उद्योग होऊन बसतो आणि तसेच टोचले तर उंदराला सोसत नाही. तिसरा पंथ मिठाचा. राल्फ राइसफेल्ड, बॅरी काहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये पोटॅशियम क्लोराइडच्या तीन मोलर द्रावणात पेशी रात्रभर थंड जागी ढवळत ठेवून पृष्ठभागावरील अँटिजेन उतरवले. स्वस्त, सोपी पद्धत. म्हणून जगभर पसरली. टीकाकारांचे म्हणणे असे की मीठ स्वतः फारसे काही करत नाही, फुटलेल्या पेशींतली विकरेच त्या रात्रीत छाटणी उरकतात. बहुधा दोन्ही थोडे थोडे खरे असावे.

द्रावण मिळाले की जेलच्या नळ्यांमधून आकारानुसार, विद्युतभारानुसार, साखरेच्या शेपट्या असतील तर मसुरीतून काढलेल्या लेक्टिनवर चिकटवून, असे थर वेगळे करायचे. पृष्ठभागावरचेच प्रथिन हाती आहे याची खात्री हवी म्हणून काहीजण पेशी फोडण्याआधीच तिच्या बाहेरच्या अंगाला किरणोत्सारी आयोडीन चिकटवून ठेवत.

आणि मग खरी अडचण. कोणत्या नळीत खूण उतरली हे सांगणारे यंत्र नव्हते. सांगू शकत होता तो फक्त उंदीर. प्रत्येक नळीतला थेंब वेगवेगळ्या उंदरांना टोचायचा, काही आठवडे थांबायचे, मग जिवंत गाठीच्या पेशी टोचून पाहायचे की गाठ येते का. शेजारी तुलनेचे उंदीर हवेतच: साध्या पेशींचा अर्क दिलेले, पॉलिओमाच्या पेशींचा अर्क दिलेले, काहीच न दिलेले. एसव्ही-४० चा अर्क एसव्ही-४० च्या गाठीलाच थोपवतो आणि पॉलिओमाच्या गाठीला नाही, एवढे दाखवले तरच खूण खास त्या विषाणूची म्हणायची. अर्क जास्त झाला तर कधी उलटा परिणाम होई, गाठ जोमाने वाढे. शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीला महिनेच्या महिने जात, आणि पायरी चढताना प्रत्येक वेळी थोडे द्रव्य वाया जाई. अँटिबॉडीला दिसणारी खूण आणि गाठ नाकारायला लावणारी खूण या एकच आहेत का, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पीटर मोरा आणि डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या गटांनी एक अडगळीतला भाग तपासला. पटल वेगळे काढताना जी केंद्रके बाजूला टाकली जात, त्यांचाच अर्क त्यांनी उंदरांना दिला. १९७७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गाठ थोपवणारी शक्ती केंद्रकातही आहे. दोन वर्षांनी त्यांनी दाखवले की एसव्ही-४० चे टी-अँटिजेन शुद्ध करून दिले की उंदीर सुरक्षित होतो. हे टी-अँटिजेन १९६३ पासून सगळ्यांना माहीत होते. ते केंद्रकात बसते, विषाणूच्या डीएनएच्या प्रती काढायला लावते आणि पेशीला बेताल विभागायला भाग पाडते. थोडेसे पृष्ठभागावरही सापडते, पण मुख्य वस्ती आत. पृष्ठभागावरची गूढ खूण म्हणून ज्याचा पाठलाग झाला, तो घरातलाच मालक निघाला.

आत बसलेले प्रथिन बाहेरून फिरणाऱ्या संरक्षक पेशीला दिसते कसे? याचे उत्तर दुसऱ्या दिशेने आले. १९७४ मध्ये कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांच्या लक्षात आले की संरक्षक यंत्रणेतली मारेकरी टी-पेशी विषाणू एकटा ओळखत नाही. पेशीच्या स्वतःच्या ओळखप्रथिनासोबतच ओळखते. माणसात या ओळखप्रथिनांना एचएलए म्हणतात. या कामाला १९९६ चे नोबेल मिळाले. ऐंशीच्या दशकात अलेन टाउनसेंड यांनी दाखवले की आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे होतात आणि एचएलएच्या खोबणीत बसून बाहेर येतात. निपाणीच्या वखारीत व्यापारी पोत्यातून मूठभर तंबाखू काढून वानगी म्हणून गिऱ्हाइकापुढे धरतो, तशी पेशी आतल्या प्रत्येक प्रथिनाची वानगी दारात मांडते. टी-पेशी पोते उघडत नाही, वानगी पाहते. आणि ती वानगी आठ-दहा अमिनो आम्लांची असते. मिठाच्या द्रावणाने वा पेपेनने मोठमोठी प्रथिने उतरवणाऱ्यांच्या हाती ती लागणे कठीणच होते.

रसायनाने झालेल्या गाठींचा पाठपुरावा करणाऱ्यांनाही असाच चकवा मिळाला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत पीएच.डी. करून अमेरिकेत गेलेले प्रमोद श्रीवास्तव यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या गाठींतून गाठ थोपवणारे प्रथिन शुद्ध केले, जीपी-९६. गंमत अशी की हे प्रथिन सगळ्या गाठींत आणि निरोगी पेशींतही सारखेच असते. मग प्रत्येक गाठीचा अर्क फक्त त्याच गाठीविरुद्ध का चालतो? पुढच्या कामातून उलगडा असा झाला की जीपी-९६ वाहक आहे. त्याच्या अंगाला त्या त्या गाठीतल्या प्रथिनांचे तुकडे चिकटलेले असतात, आणि वेगळेपण त्या तुकड्यांचे.

आता प्रयोगशाळांनी पद्धत बदलली आहे. गाठीचा तुकडा विरघळवायचा, एचएलएला धरणाऱ्या अँटिबॉडीच्या नळीतून तो गाळायचा, आम्लाने खोबणीतले तुकडे सोडवायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरने एकेक वाचायचा. उंदराला विचारायची गरज पुष्कळच कमी झाली.

या नव्या नजरेने सीमाभागातल्या त्या दोन रुग्णांकडे पाहता येते. गाल आणि हिरडीचा कर्करोग हा आपल्याकडचा खास रोग. कल्याणीची जनुकसंशोधन संस्था एनआयबीएमजी आणि खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र अॅक्ट्रेक यांच्या पुढाकाराने त्याचा जनुकीय नकाशा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. टीपी-५३, फॅट-१, कॅस्पेज-८, नॉच-१ अशी काही जनुके अनेक रुग्णांत बिघडलेली आढळली, पण बिघाडाचे ठिकाण आणि अक्षर रुग्णागणिक वेगळे. तंबाखूने कुठले अक्षर पुसायचे याचा नियम नसतो. अशा रुग्णासाठी लस करायची तर त्याच्याच गाठीचा डीएनए वाचून, त्याच्या एचएलएला जुळतील असे तुकडे निवडून, त्याच्या एकट्यासाठी करावी लागेल. त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगात असे प्रयोग सुरू आहेत. चिकोडी तालुक्यातल्या शेतमजुराला ते कधी परवडेल, हा प्रश्न त्या शास्त्रीय निबंधांत नसतो.

गर्भाशयमुखाच्या रुग्णाचे तसे नाही. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये पॅपिलोमाची १६ आणि पुढच्या वर्षी १८ क्रमांकाची जात या गाठींतून वेगळी केली. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने पेशीचे लगाम तोडतात: ई-६ मुळे पी-५३ नष्ट होते, ई-७ मुळे आरबी निकामी होते. गाठ जगायची तर ही दोन प्रथिने तिला सतत बनवावीच लागतात, म्हणून त्यांची वानगीही तिला दारात मांडावीच लागते. २००९ मध्ये लायडनच्या संशोधकांनी ई-६ आणि ई-७ चे १३ लांब तुकडे प्रयोगशाळेत तयार करून, बाह्य जननेंद्रियावर विषाणूमुळे पूर्वकर्करोग झालेल्या २० स्त्रियांना टोचले. वर्षभरानंतर तपासलेल्या १९ पैकी १५ जणींत सुधारणा दिसली आणि ९ जणींचे व्रण पूर्ण गेले. पेशीवरची खूण टोचून रोग मागे हटवण्याचे स्वप्न इथे प्रथमच स्पष्टपणे खरे ठरले. तेही कर्करोग पूर्ण होण्याच्या आधीच्या टप्प्यावर.

पूर्ण वाढलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात चित्र इतके नीटनेटके नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रुग्णाच्या गाठीतल्याच टी-पेशी वाढवून परत दिल्या गेल्या. २०१५ मध्ये जाहीर झाले की ९ पैकी दोघींची गाठ पूर्ण नाहीशी झाली. सर्वांना वाटले, या पेशींनी विषाणूची खूण ओळखली. २०१७ मध्ये तपशील आले तेव्हा त्या पेशींतल्या बहुतेक ई-६, ई-७ कडे पाहतच नव्हत्या. त्यांतल्या अनेक गाठीत नंतर झालेल्या खासगी बिघाडांवर तुटून पडल्या होत्या. म्हणजे विषाणूच्या गाठीलाही वय वाढते तशा तंबाखूसारख्या स्वतःच्या खुणा फुटतात. सामाईक आणि वैयक्तिक यांतली रेघ प्रेन आणि हेबेल यांच्या उंदरांत जितकी सरळ होती तितकी माणसात नाही.

बाजारात मिळणारी लस मात्र या सगळ्या खटाटोपापेक्षा वेगळ्या वाटेने आली. ती गाठीच्या खुणेवर बेतलेली नाही. १९९१ मध्ये ब्रिस्बेनमध्ये इयन फ्रेझर आणि जियान झोउ यांनी विषाणूच्या बाहेरच्या कवचाचे एल-१ प्रथिन प्रयोगशाळेत तयार केले, आणि ते आपोआप जुळून विषाणूसारखे पोकळ कण झाले. आत डीएनए नाही, म्हणून रोग नाही. हे कण टोचले की रक्तात अँटिबॉडी तयार होतात आणि विषाणू पेशीत शिरण्याआधीच अडतो. एकदा पेशी कर्करोगाची झाली की ती एल-१ बनवतच नाही. मग ही लस तिचे काही बिघडवू शकत नाही. मुलीला ती वयात येतानाच द्यायची, हा डॉक्टरांचा आग्रह त्यासाठी असतो.

बेळगावकरांना लस ही दूरची गोष्ट नाही. टिळकवाडीतला झाडीने भरलेला व्हॅक्सिन डेपो आजही तेच नाव सांगतो. देवीची लस तिथे बनत असे. जनावराच्या कातडीवर विषाणू वाढवायचा आणि कातडीवरून लस खरवडून घ्यायची, ही ती जुनी पद्धत. आताची पॅपिलोमाची भारतीय लस, सर्व्हाव्हॅक, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केली. २०२२ मध्ये तिला परवाना मिळाला आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली.

या लशीच्या मात्रांबद्दलची जगाची समजूत बदलली तीही भारतातल्या एका अपघाताने. २०१० मध्ये सरकारने पॅपिलोमा लशीच्या चाचण्या थांबवल्या. तोवर बार्शीसह देशातल्या अनेक केंद्रांवर काही मुलींना तीन, काहींना दोन, तर हजारोंना एकच मात्रा मिळालेली होती. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये आकडे आले: १६ आणि १८ क्रमांकाच्या जातींचा चिवट संसर्ग टाळण्यात एक मात्राही ९५ टक्क्यांच्या घरात परिणामकारक होती, दोन-तीन मात्रांइतकीच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला.

वय उलटून गेलेल्या बायकांसाठीही उत्तर शेजारच्याच राज्यातून आले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने आणि संशोधक शंकरनारायणन यांच्या गटाने ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर चाचणी केली. आयुष्यात एकदाच विषाणूची तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेच्या गटात ६४. तपासणी करणाऱ्यांनी गाठीची खूण शोधलीच नव्हती. त्यांनी विषाणूचा डीएनए शोधला आणि बिघडलेला भाग वेळीच गोठवून किंवा कापून काढला.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीतल्या वाचकांनी यातून एवढे करावे. घरात ९ ते १४ वयाची मुलगी असेल तर लशीबद्दल डॉक्टरांशी बोलावे. सर्व्हाव्हॅकच्या परवान्यानुसार या वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा, आणि १५ ते २६ वयाला तीन. आई, मावशी, वहिनी तिशीच्या पुढे असतील तर त्यांची एकदा तरी विषाणूची तपासणी करून घ्यावी. पाळी गेल्यानंतर अंगावरून पुन्हा जाऊ लागले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला तर तो लगेच दाखवावा, कारण तंबाखूच्या कर्करोगाला आधी टोचून ठेवण्यासारखी लस आजघडीला नाही.